जुंपण्याआधी

किल्ली हातात आली तरी लगेच गाडी सुरू करू नका.

कोलकात्याच्या डमडममध्ये, जेसोर रोडलगतच्या एखाद्या शोरूमच्या मागच्या आवारात तुम्ही उभे आहात असं धरून चाला. समोर नवी कोरी पिकअप आहे. भाजी किंवा सिमेंट वाहायला घेतलेली ही गाडी नव्हे. बंद पडलेल्या, ठोकलेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्या ओढून न्यायला घेतलेली, मागे जाड लोखंडी हुक असलेली. फोटो काढून झाले आहेत. पुठ्ठ्याची ती हातभर लांब किल्ली धरून हसून झालं आहे. पेढ्यांच्या जागी इथे संदेश वाटले गेले, एवढाच काय तो फरक. शोरूममधला पोरगा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला आहे आणि घरची मंडळी सावलीला उभी राहून कुणाच्या तरी फोनवर तेच फोटो पुन्हा बघताहेत. आता थोडा वेळ तुमची कुणालाच गरज नाही. तेवढाच वेळ हवा आहे.

डोळे मिटू नका. हे मनन उघड्या डोळ्यांनी आणि उभ्यानं करायचं आहे. फक्त घाई सोडा. किल्ली खिशात टाका, दोन्ही हात मोकळे ठेवा आणि आधी नुसतं ऐका.

डमडममध्ये ऐकायला पुष्कळ आहे. दर थोड्या वेळानं डोक्यावरून विमान उतरतं, इतकं खाली की बोलणारी माणसं वाक्य मध्येच थांबवतात आणि विमान गेल्यावर तिथूनच पुढे चालू करतात. रस्त्यावरून बसचा कंडक्टर 'आडाइ नंबर, आडाइ नंबर' ओरडत जातो. विमानतळाचं एक नंबर गेट आहे, दोन नंबर आहे, आणि अडीच नंबर गेट नावाचा थांबाही आहे. हिशेबी माणसाला हे पटायचं नाही. पण लक्षात ठेवा, यापुढे तुम्हाला पत्ते असेच येणार आहेत: अडीच नंबरच्या पुढे, पानाच्या टपरीसमोर, गाडी तिरकी उभी आहे, लवकर या.

हे सगळे आवाज येऊ द्या. त्यातला एकही तुमच्या गाडीचा नाही. तुमची गाडी अजून गप्प आहे.

आता तिच्याभोवती फिरा. देवळात प्रदक्षिणा घालतो तसं, गाडी उजव्या हाताला ठेवून. काही शोधायचं नाही. तपासणीचा कागद मघाशी भरून झाला, टायर, दिवे, स्टेपनी, जॅक सगळं बघून झालं. आता फक्त ओळख करून घ्यायची आहे. हौद्याच्या पत्र्यावर तळहात टेका. रंगाखाली पत्र्याचं ऊन हाताला लागेल. अजून त्यावर कशाचाही ओरखडा नाही. महिन्याभरात असेल. पहिल्या ओरखड्याचं वाईट वाटतं, दहाव्याकडे लक्षही जात नाही, आणि कामाच्या गाडीच्या बाबतीत तेच बरं. खाली वाका, मागच्या चाकांवरचे पाटे बघा. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, मधे कमानीसारख्या वाकलेल्या. रिकाम्या गाडीत त्या ताठ असतात, म्हणून रिकामी पिकअप खड्ड्यात उसळते आणि आत बसलेल्याची कंबर धरते. ओझं आलं की त्या खाली बसतात आणि गाडी शांत चालते. हे लक्षात असू द्या. ही गाडी रिकामी चालवायला बनवलेलीच नाही.

पुढे या. दरवाजाच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली धातूची एक पट्टी असते, तिच्यावर वजनाचे आकडे कोरलेले असतात: भारासकट गाडीचं एकूण वजन कितीपर्यंत चालेल, पुढच्या आसावर किती, मागच्या आसावर किती. एकदा सावकाश वाचा. विकत घेताना तुम्ही जे आकडे ऐकले ते वेगळे होते. तिथे इंजिनाची ताकद सांगितली जाते. अमेरिकेत फोर्डच्या सर्वात मोठ्या पिकअपला १८ टनांचा ट्रेलर ओढता येतो. आपल्याकडे मिळणाऱ्या टोयोटा हायलक्सचं २.८ लिटरचं डिझेल इंजिन ऑटोमॅटिक गिअरसह ५०० न्यूटन मीटर टॉर्क देतं. हे आकडे खोटे नाहीत. शिवाय टॉर्क समजून घेण्यासारखाही आहे, कारण जागचं हलायला लागतो तो टॉर्क. डिझेल इंजिन तो कमी फेऱ्यांवरच देतं, म्हणून आरडाओरडा न करता ओझं हलतं. पण हे सगळं गाडी काय करू शकते याबद्दल झालं. पट्टीवरचे आकडे तिनं काय करू नये ते सांगतात. शोरूममध्ये ती पट्टी कुणी दाखवत नाही; दाखवली पाहिजे असं माझं मत आहे, आणि पुठ्ठ्याच्या किल्लीऐवजी तिच्यासोबत फोटो काढला पाहिजे असंही.

तुमच्या मर्यादेचा आकडा वाचून झाला असेल तर तो मनातल्या मनात एकदा म्हणा. मग हुकापाशी चला.

इथे जरा जास्त वेळ थांबायचं आहे.

हुक हाताला जड लागतो, कारण तो नुसता पत्र्याला लावलेला नाही. चासीला बसवलेला आहे, म्हणजे गाडीच्या हाडाला. हौद्यातलं ओझं आणि हुकाचं ओझं यांचा स्वभाव वेगळा. हौद्यातलं ओझं वरून बसतं आणि तुमच्याबरोबर जातं. तुम्ही वळलात की ते वळतं, थांबलात की थांबतं. हुकाला लावलेलं ओझं मागे असतं, त्याला स्वतःची चाकं असतात, आणि कुठे जायचं याबद्दल त्याचं स्वतःचं काही म्हणणं असतं. ट्रेलर ओढणाऱ्या जाणत्या लोकांचा एक नियम आहे: ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग हुकावर उभा पडला पाहिजे. त्याहून कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे हलायला लागतो, आणि एकदा ते हलणं वाढलं की पुढची गाडीही त्याच्याबरोबर ओढली जाते. जास्त पडला तर मागचे पाटे बसतात, पुढची चाकं हलकी होतात, आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळायला कां-कू करते.

हे एकदा नीट मनात येऊ द्या. दुसऱ्याचं ओझं ओढायचं तर त्यातला थोडा भाग स्वतःच्या अंगावर घ्यावाच लागतो. पूर्ण लांब ठेवून ओढता येत नाही. आणि इतकाही घेता येत नाही की आपलीच पुढची चाकं जमिनीवरून सुटतील. किती घ्यायचं हे अंदाजानं ठरत नाही. ते मोजावं लागतं. वाटलं तर इथे तुमच्या घरचं, नात्यातलं एखादं ओझं आठवा. कुणाचं, ते मला सांगायची गरज नाही. त्यातला किती भाग तुमच्या अंगावर आहे ते बघा, आणि पुन्हा हुकाकडे या.

आता जरा मागे पाय ठेवा आणि ही गाडी ज्या जमिनीवर उभी आहे तिच्याकडे बघा. डमडमला ओढण्याचा मोठा इतिहास आहे. १७८३ ते १८५३ या सत्तर वर्षांत बंगालच्या तोफखान्याचं मुख्य ठाणं इथे होतं. पुढे ते मेरठला गेलं. त्या काळात तोफ म्हणजे आधी ओढण्याचं ओझं आणि मग शस्त्र; जड तोफांना बैलांच्या जोड्यांमागून जोड्या जुंपाव्या लागत, हत्तीही लावत. लढाया जिंकल्याची नोंद सेनापतींच्या नावावर आहे, बैलांच्या आणि गाडीवानांच्या नावावर काही नाही. नंतर इथेच जेसॉप कंपनीचा कारखाना होता, रेल्वेचे वॅगन, क्रेन, रोडरोलर बनवणारा. तो बंद पडला. इतकी वर्षं इतरांसाठी ओढण्याची साधनं घडवणारी ही जागा स्वतः गंजत पडली, आणि तिला ओढून काढायला कुणी आलं नाही.

आणि विमानतळ. आत्ता डोक्यावरून जे विमान उतरलं ते थोड्या वेळानं पुन्हा निघेल, तेव्हा त्याला टर्मिनलपासून मागे ढकलायला एक बुटका, रुंद ट्रॅक्टर येईल. आकाशात हजारो किलोमीटर जाणाऱ्या विमानाला जमिनीवर दहा पावलं मागं सरकायचं तर दुसऱ्याची मदत लागते. तो ट्रॅक्टर मुद्दाम जड बनवलेला असतो, कारण टायरची जमिनीवरची पकड वजनातूनच येते. हलक्या गाडीला कितीही मोठं इंजिन लावा, चाकं जागच्या जागी फिरतील. विमान आणि ट्रॅक्टर यांना जोडणाऱ्या दांड्यात एक पिन असते. जोर प्रमाणाबाहेर गेला तर ती पिन तुटावी अशीच बनवलेली असते, म्हणजे विमानाच्या पुढच्या चाकाच्या खांबाला इजा होत नाही. कुठे तुटायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं, आणि ते सर्वात स्वस्त जागी ठरवलेलं असतं. तुमच्याकडे अशी पिन नाही. तुमच्याकडे साखळी, लोखंडी रोप किंवा पट्टा आहे, आणि तो तुटला तर चाबकासारखा येतो. म्हणून ताणलेल्या रोपावर मधोमध जाड गोणपाट किंवा घोंगडी टाकतात, आणि जवळ कुणाला उभं राहू देत नाहीत. बघ्यांना दूर करणं हा तुमच्या कामाचा भाग आहे. डमडममध्ये बघे कमी नसतात.

याच विमानतळावरची एक खरी गोष्ट मनात घ्या. एअर इंडियाचं एक बोइंग ७३७-२०० विमान २०१२ मध्ये निवृत्त झालं आणि धावपट्टीपासून बाजूला उभं केलं गेलं. १९८२ पासून ते इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात होतं, शेवटच्या काळात टपालाची वाहतूक करत होतं. कागदांच्या, विलीनीकरणांच्या आणि खासगीकरणाच्या गडबडीत ते मालकाच्या यादीतूनच गळालं. तेरा वर्षं ते तिथे उभं होतं. जागेचं भाडं साचत राहिलं, आणि विमानतळानं आठवण करून दिली तेव्हा कंपनीला कळलं की हे आपलंच. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते मोठ्या ट्रेलरवर चढवून रस्त्यानं बंगळुरूला नेलं गेलं. आता देखभाल अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी ते वापरलं जाणार आहे.

इथे हसू येतं, येऊ द्या. एवढं मोठं विमान विसरायचं म्हणजे कमालच. पण हसून झाल्यावर त्या ट्रेलरच्या चालकाचा विचार करा. पंख उतरवलेलं, सांगाडा झालेलं विमान मागे घेऊन तो बंगालमधून दक्षिणेकडे गेला. त्याच्यासाठी ते विसरलेलं नव्हतं. वाटेतला प्रत्येक पूल, प्रत्येक वळण, प्रत्येक लोंबती वायर त्याला त्या विमानाच्या उंचीनं बघावी लागली. हे किती जरुरीचं आहे ते बंगालनं आधी एकदा पाहिलं होतं: डिसेंबर २०१९ मध्ये टपाल खात्याचंच एक जुनं विमान ट्रेलरवर असताना दुर्गापूरच्या एका पुलाखाली अडकून बसलं होतं. जे मालकानं टाकून दिलं, त्याची उंची, रुंदी, वजन ओढणाऱ्याला तोंडपाठ असावं लागतं.

तुमच्याकडेही अशा गाड्या येतील. पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं पडून चाकं जमिनीत रुतलेल्या. ज्यांचा मालक वारला आहे आणि मुलांना नकोशा झाल्या आहेत, अशा. त्या ओढताना शिव्या घालू नका एवढंच म्हणेन.

आता जरा दूरचं. १९१६ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, चॅटनूगा गावी, अर्नेस्ट होम्स नावाच्या गॅरेजवाल्याच्या ओळखीच्या माणसाची मोटार ओढ्यात पडली. सहा माणसं, दोर आणि कप्प्या लावून ती काढायला कित्येक तास गेले. होम्सनं घरी जाऊन विचार केला, आणि जुन्या कॅडिलॅकच्या चासीवर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी बसवली. गाड्या ओढून नेणारं पहिलं वाहन ते, असं मानलं जातं. चॅटनूगात या धंद्याचं एक संग्रहालय आहे. त्याच्या आवारात एक भिंत आहे, आणि रस्त्याच्या कडेला काम करताना मागून आलेल्या गाड्यांखाली गेलेल्या, किंवा अन्य अपघातांत मेलेल्या टोइंगवाल्यांची नावं तिच्यावर कोरली आहेत. ही भिंत पुठ्ठ्याच्या किल्लीच्या दिवशी आठवायला अवघड जाईल. तरी आठवा. रात्री बेलघोरिया एक्स्प्रेसवेवर उतराल तेव्हा अंगावर चमकणारं जाकीट असेल, मागे काही अंतरावर लाल त्रिकोण ठेवलेला असेल, आणि वाहतुकीकडे पाठ करून तुम्ही वाकणार नाही, हे आत्ता, इथे, शांतपणे ठरवा.

होम्सच्या गोष्टीत मला वाटतं एक साधी बाब आहे. हा धंदा सुरू झाला तो कुणाच्या तरी वाईट दिवशी. आजही तसाच आहे. हौसेनं कुणी तुम्हाला फोन करणार नाही. लग्नाला निघालेलं कुटुंब, विमान गाठायला धावणारा माणूस, रुग्णालयातून परतणारी बाई. तुम्ही पोचाल तेव्हा ती सगळी रस्त्याच्या कडेला उभी असतील, आणि त्यांच्या मनात तुमच्याबद्दल आधीच थोडा संशय असेल, की हा आता किती मागतोय.

म्हणून आता उलट बाजूनं बघा. तुमची गाडी कधी टोचन करून नेली गेली असेल ती वेळ आठवा. नसेल, तर कल्पना करा. तुम्ही मागच्या गाडीत बसला आहात. इंजिन बंद आहे. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंगही बंद. जे चाक बोटानं फिरायचं त्याला आता खांदे लावावे लागतात. ब्रेकचा पेडल एकदोनदा दाबेपर्यंत ठीक असतो, मग दगडासारखा होतो, कारण त्याला मदत करणारी पोकळी इंजिनच तयार करत असतं. किल्ली फिरवलेली ठेवावी लागते, नाहीतर स्टिअरिंग कुलूपबंद होतं. पुढे पाच मीटरवर कुणा अनोळखी माणसाच्या गाडीचा मागचा भाग आहे आणि तुमची दोघांची नशिबं एका दोरानं बांधलेली आहेत. दोर ढिला पडला तर पुढच्या धक्क्याला तुटेल. तो ताठ ठेवायचं काम मागच्याचं. पुढचा वेग कमी करतो तेव्हा मागच्यानं हलकेच ब्रेक दाबून दोर ताणलेला ठेवायचा असतो. पुढच्याला मागचा फक्त आरशात दिसतो. मागच्याला पुढचा फक्त ब्रेकच्या दिव्यांतून बोलतो.

इथे श्वासाकडे लक्ष गेलं असेल तर बघा, तो जरा आखडला आहे. सोडा त्याला. मागे बसलेल्या माणसाला निघण्याआधी दोन मिनिटं देऊन हे सगळं समजावून सांगायचं, आणि थांबायची खूण काय ते ठरवायचं. या दोन मिनिटांचे पैसे मिळत नाहीत. आणि ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल तर दोराला बांधूच नये. इंजिनाला जोडलेली चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्स आतून जळतो. ती पूर्ण वर उचलून, सपाट हौद्याच्या गाडीवर घालूनच न्यावी लागते. तेव्हा 'हे माझं काम नाही, मोठी गाडी बोलवा' असं म्हणता आलं पाहिजे, खिसा रिकामा असला तरी.

थांबण्याकडे आपण सावकाश येत होतो. आता आलो.

बंगालमधल्या श्रीरामपूरजवळ माहेशला जगन्नाथाचा रथ निघतो. सध्याचा लोखंडी रथ १८८५ सालचा, ५० फूट उंच आणि १२५ टन वजनाचा. त्याला इंजिन नाही. माणसं दोर ओढतात. ओढायला हजारोंची झुंबड उडते, कारण दोराला हात लागणं हे पुण्य. पण असा रथ थांबवणं हे मोजक्या जाणत्या माणसांचं काम. पुरीला चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवून रथ आवरतात, आणि ते करणाऱ्याकडे गर्दीतलं कुणी बघत नाही. कोलकात्यात अजूनही हातरिक्षा दिसते. २००६ मध्ये ती बंद करण्याचा कायदा विधानसभेनं केला, तरी ती उत्तर कोलकात्याच्या गल्ल्यांतून चालते. तिच्या ओढणाऱ्याला बघा, म्हणजे लाज न बाळगता खरंच बघा. चालू लागताना तो पुढे झुकतो, ते कुणालाही दिसतं. थांबताना तो अंग मागे टाकतो, टाचा रस्त्यात रोवतो, आणि दोन प्रवाशांचं वजन त्याच्या पाठीवर येतं. त्याच्याकडे ब्रेक नाही. त्याचं शरीरच ब्रेक आहे.

तुमच्या गाडीला चांगले ब्रेक आहेत. ते तुमच्या गाडीसाठी बनवलेले आहेत. मागे तेवढ्याच वजनाची मेलेली गाडी लावली की तेच ब्रेक दुप्पट वजन थांबवू लागतात. वेगाचा हिशेब त्याहून कडक: ताशी ४० ऐवजी ६० नं गेलात तर वेग दीडपट झाला असं वाटतं, पण थांबवायची शक्ती सव्वादोन पट लागते. म्हणून बंद गाडी ओढताना वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या आत, आणि मागच्या गाडीच्या पाठीवर ती ओढून नेली जात असल्याचा ठळक फलक. नागेरबाजारच्या उड्डाणपुलावर चढताना तुमच्या इंजिनाची परीक्षा होत नाही. उतरताना होते, आणि ती इंजिनाची नसते.

मघाचा आकडा आठवतो का, पट्टीवरचा? पुन्हा एकदा म्हणा.

सप्टेंबरमध्ये आलात तर हे आवार वेगळं दिसेल. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा. इथली गॅरेजं, रिक्षा स्टँड, छापखाने, कारखाने सगळीकडे हत्तीवर बसलेला विश्वकर्मा येतो, हातात पतंग घेतलेला, आणि डमडमच्या गच्च्यांवरून दिवसभर पतंग उडतात. त्या दिवशी पाना हातात धरायचा नाही. टेम्पो धुऊन, हार घालून उभे. आपल्याकडे हेच दसऱ्याला होतं, झेंडूच्या माळा आणि चाकाखाली लिंबू. पण मला विश्वकर्मा पूजेच्या जवळचा वाटतो तो बेंदूर किंवा पोळा. खानापूर, आटपाडी, तासगावकडून सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली गलाईवाली कुटुंबं कोलकात्यातही आहेत. त्यांच्यातल्या वयस्क माणसांना बेंदराच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी आठवते. जू ज्या जागी घासतं, तो बैलाचा खांदा गरम पाण्यानं शेकायचा, हळद-तूप लावून चोळायचा. दुसऱ्या दिवशी जू लावायचंच नाही. शिंगं रंगवणं, झूल घालणं, पुरणपोळी खाऊ घालणं हे सगळं नंतरचं. आधी खांदा.

तुमच्या गाडीचा खांदा कुठे आहे ते आता तुम्हाला माहीत आहे. हुकाचे बोल्ट, मागचे पाटे, ब्रेकचं तेल, टायरची हवा. दक्षिणेश्वरला नवी गाडी न्यायची इथली रीत आहे, जवळच आहे, जरूर न्या. लिंबू-मिरचीही बांधा, घरच्यांना बरं वाटतं. मात्र लिंबू वाळलं की बदलतो तसं ब्रेकचं तेलही बदलायचं असतं. आणि पहिले काही दिवस ओझं लावू नका. टोयोटाच्या पुस्तिकेत पहिल्या ८०० किलोमीटरपर्यंत काही ओढू नये असं लिहिलेलं असतं. इतर कंपन्याही असंच काही सांगतात, तुमच्या पुस्तिकेतलं पान शोधून वाचा. नव्या यंत्राचे भाग एकमेकांना घासून बसायला वेळ लागतो. हप्ता सुरू झालेला असतो आणि गाडी रिकामी फिरवायची, हे जिवावर येतं खरं. या दिवसांत रस्ते बघून घ्या: कुठे गल्ली अरुंद आहे, कुठे वायर खाली लोंबते, पावसात बांगुर आणि डमडम पार्कमध्ये पाणी कुठून चढतं. २३ सप्टेंबर २०२५ ला, दुर्गापूजा तोंडावर असताना, कोलकात्यात एका दिवसात २५० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. विजेच्या धक्क्यानं माणसं दगावली, आणि असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नका, एवढं एक वाक्य फोनवर सांगितलंत तरी समोरच्याचं इंजिन वाचतं, कारण सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही. त्याऐवजी आतला दांडा वाकतो. आणि त्या पाण्यात तुम्ही स्वतः उतरण्याआधी जवळचा विजेचा खांब बघा.

घरची मंडळी आता तुमच्याकडे बघताहेत. किल्ली काढा. बसा, आसन पुढेमागे करा, आधी आरसे लावा. दोन्ही बाजूंचे, मागचं टोक दिसेल असे. मग इंजिन सुरू करा आणि ते एका लयीत यायला अर्धं मिनिट द्या.

आणि ओझं घ्यायची वेळ येऊन पहिला फोन वाजेल तेव्हा गाडी कुठे आहे हे विचारण्याआधी माणसं कशी आहेत ते विचारा. ती रस्त्यावर उभी असतील तर कठड्याच्या पलीकडे जायला सांगा. आणि भाडं किती होईल ते निघण्यापूर्वीच सांगून टाका.